पावसाआधी पेटी उघडून बघा

मृग जवळ आला की दगड-खनिजांच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. हिवाळ्यात वाचक विचारतात, हा दगड कोणता? मे सरता सरता विचारतात, या दगडाला झालं काय? यंदा दोन्ही तऱ्हेची पत्रं आहेत. ज्यांना घाई आहे त्यांची उत्तरं आधी घेतली आहेत.

प्रश्न (पणजी) : पायराइटचे चार नमुने आणि पायराइट झालेला एक सोनेरी अमोनाइट (शंखासारख्या सागरी जीवाचं जीवाश्म) गेल्या वर्षी लाकडी पेटीत कापसात गुंडाळून ठेवले होते. आता पेटी उघडली तर आगकाडी ओढल्यासारखा वास, अमोनाइटभोवती पांढरी-पिवळी पूड आणि त्याच्याखालची चिठ्ठी तपकिरी होऊन तुटलेली. धुऊन काढू का?

उत्तर : पाणी अजिबात लावू नका. तो अमोनाइट आधी उचलून वेगळ्या डब्यात ठेवा, बाकीचं मग.

पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. दमट हवेत तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्यातून लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. पूड सल्फेटची, चिठ्ठी जाळली ती आम्लानं. हे आम्ल स्वतःच हवेतलं पाणी ओढतं, म्हणून एकदा सुरुवात झाली की आतल्या आत चालूच राहतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की वेग वाढतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८०च्या खाली क्वचितच येते. सगळेच पायराइट सारखे बिघडत नाहीत. ठसठशीत, चकचकीत घन-स्फटिक बरेच टिकतात. बारीक दाण्यांचा, गाळाच्या खडकातला पायराइट आणि त्याचाच भाऊबंद मार्कसाइट लवकर जातात. पायराइट झालेले जीवाश्म त्यातच मोडतात.

हातमोजे आणि मास्क घालून कोरड्या मऊ ब्रशनं पूड झाडा, तीही खिडकीपाशी आणि जुन्या वर्तमानपत्रावर. मग तो कागद टाकून द्या. कापूस, जुनी चिठ्ठी, पेटीचं अस्तर, सगळं जाऊ द्या. चिठ्ठीवरचा मजकूर मात्र आधी उतरवून घ्या. उरलेले चार नमुने भिंगाखाली बघा: भेगांच्या कडेला केसासारखी पांढरी लव दिसली तर तेही अमोनाइटच्याच पंगतीला. नेलपॉलिश किंवा वॉर्निश लावायचा सल्ला कोणी देईल. आम्ही देणार नाही. त्या थरातून दमटपणा आत जातोच, आम्ल तेवढं कोंडून राहतं. जे गेलं ते परत येत नाही. पुढचं थांबवता येतं.

थांबवायचं साधन म्हणजे रबरी कडेचा, चारी बाजूंनी चिमटे असलेला प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे. लोक जेलच्या वजनाची चिंता करतात, डब्याची करत नाहीत. हिशोब बघा. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे १० लिटरच्या डब्यातल्या हवेत फार तर पाव-अर्धा ग्रॅम पाणी. त्याला १०० ग्रॅम जेल भरपूर झालं. जेल संपतं ते गळक्या झाकणामुळे, रोज उघडून पाहुण्यांना दाखवण्यामुळे आणि आत ठेवलेल्या पुठ्ठ्यामुळे. शंभर ग्रॅम पुठ्ठा पावसाळ्यात दहा ग्रॅमच्या आसपास पाणी धरून बसलेला असतो, आणि ते सगळं जेलला प्यावं लागतं. तेव्हा आतले खोके प्लॅस्टिकचे घ्या, किंवा पुठ्ठा कडक उन्हात वाळवून मगच आत घाला.

जेल रंग बदलणारं घ्या. निळं जेल भिजल्यावर गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्टचं क्षारद्रव्य असतं. नारंगी होतं हिरवं, घरात तेच बरं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास भाजलं की पुन्हा कामाला तयार. भाजायचा ट्रे जेवणाच्या भांड्यांत परत जाणार नाही, हे घरातल्यांना सांगून ठेवा. कपाटात बल्ब पेटवून ठेवायची आपल्याकडची जुनी युक्ती कोट-साड्यांना ठीक आहे. खनिजांना नको, काहींना ती ऊबच बाधते.

डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ५० च्या खाली राहील असं बघा. हे स्वस्त मापक पाच-दहा टक्के सहज चुकतात, म्हणून आधी पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत करा (विरघळवू नका), आणि मापकासह झिपच्या पिशवीत हवा ठेवून बंद करा. बारा तासांनी आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर मापक चार कमी दाखवतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

एक सावधगिरी. कोरडं म्हणजे सगळ्यांनाच चांगलं, असं नाही. लॉमोंटाइट नावाचा झिओलाइट (अंगात पाणी धरून असणाऱ्या खनिजांच्या कुळातला) कोरड्या हवेत स्वतःतलं पाणी सोडतो, दुधी होतो आणि बोट लावताच भुगा होतो. ओपललाही फार कोरडेपणानं तडे जातात. त्यांना पायराइटच्या डब्यात घालू नका.

प्रश्न (आगरवाडा, पेडणे) : आमच्या मिठागरात एप्रिलमध्ये मिठाचे पायऱ्या-पायऱ्यांचे सुंदर चौकोनी स्फटिक मिळाले. दरवर्षी पावसात पाणी होऊन जातात. टिकवता येतील का?

उत्तर : येतील. वरच्या उत्तरातला ७५ चा आकडा इथलाच: हवा त्याहून दमट झाली की शुद्ध मीठसुद्धा पाझरतं. आगरातलं मीठ त्याआधीच ओलं होतं, कारण त्याला चिकटलेलं मॅग्नेशियम क्लोराइड बऱ्याच कोरड्या हवेतूनही पाणी ओढतं. आधी ते काढा. साध्या पाण्यानं धुतलं तर स्फटिकच विरघळेल, म्हणून एका भांड्यात घरातलं मीठ तळाशी न विरघळता उरेपर्यंत पाण्यात घाला आणि त्या वरच्या निवळ, तुडुंब खारट पाण्यात स्फटिक दोन-तीनदा बुडवून काढा. टिपकागदावर टेकवा, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात द्या, पंख्याखाली वाळवा आणि मग जेलच्या डब्यात. उन्हाळ्यातच करा, पावसाला सुरुवात झाल्यावर स्फटिक वाळणारच नाहीत.

पायऱ्या येतात त्याचं कारण स्फटिकाच्या कडा मध्यापेक्षा भरभर वाढतात. चिठ्ठीवर ‘मिठागरातले’ असं स्पष्ट लिहा. माणसानं कोंडलेल्या पाण्यात तयार झालेलं, म्हणून काटेकोर संग्राहक त्याला खनिज नमुना म्हणणार नाहीत. म्हणेनात का, दिसतं सुरेख.

प्रश्न (मडगाव) : जळगावकडचा हिरवट अपॉफिलाइट आणि गुलाबी स्टिल्बाइट एकाच दगडावर आहेत. वर चुनकळीसारखं काही चिकटलं होतं म्हणून बाथरूम साफ करायच्या ॲसिडमध्ये अर्धा तास ठेवला. चुनकळी गेली, पण दगडाचं तेजही गेलं. परत कसं आणू?

उत्तर : तेज परत येणार नाही. बाथरूमचं ॲसिड म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल. तुमची चुनकळी म्हणजे बहुधा कॅल्साइट, आणि तो त्यात फेसाळून विरघळतो हे खरं, पण अपॉफिलाइट आणि झिओलाइट हेही त्यात कुजतात. आम्ल त्यांच्यातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि पृष्ठभागावर सिलिकाचा बुळबुळीत किंवा पिठूळ थर मागे राहतो. स्कोलेसाइट-नॅट्रोलाइटसारख्यांची तर सरळ जेली होते. तुम्हाला दिसतंय ते मळकट आवरण नव्हे, स्फटिकाची कातडीच गेली आहे.

निदान आम्ल तरी पुरतं काढा, नाहीतर सांदीत राहिलेल्या थेंबांच्या वाफेनं शेजारचे नमुने आणि कपाटाच्या बिजागऱ्या दोन्ही खराब होतील. लिटरभर पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा, मग दोन दिवस साधं पाणी बदलत राहा आणि सावलीत वाळवा. उन्हात नको. बेबी ऑइल चोळून चकाकी आणायची विक्रेत्यांची युक्ती आहे. आठ दिवस छान दिसतं, मग धूळ बसते.

दख्खनच्या कातळातल्या या नमुन्यांना कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि लहान मुलांचा टूथब्रश, एवढंच लागतं. त्यातही वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट ब्रशनं झडतो. त्यावर फक्त धूळ उडवायच्या रबरी फुग्यानं हवा मारा. ओकेनाइटचे कापसाचे गोळे तर ओले करायचेच नाहीत, तंतू एकमेकांना चिकटून बसतात ते कायमचे. हे सगळे मूळ रूपात कसे दिसतात ते बघायचं असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अर्धा दिवस घालवा.

प्रश्न (काणकोण) : मग गंजाचे डाग पडलेली गारगोटी कशानं स्वच्छ करायची?

उत्तर : ऑक्झॅलिक ॲसिड. ही पावडर विषारी आहे, आणि प्लॅस्टिकच्या बादलीत, अंगणात, मोजे-चष्मा घालूनच वापरायची. लिटरला ५० ते ८० ग्रॅम, कोमट पाण्यात. उकळू नका, वाफ घशात जाते. पाणी शक्यतो डिस्टिल्ड, जे बॅटरीत भरायला मिळतं ते. दुकानदाराकडून बॅटरीचं पाणीच घ्या, बॅटरीचं ॲसिड नव्हे. विहिरीच्या चुनखड पाण्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा साका बसतो आणि तो काढायला नंतर नाकी नऊ येतात.

एक ते पाच दिवस लागतात. दगड काढल्यावर घाई करू नका. द्रावणात उतरलेलं लोह धुतलं गेलं नाही तर वाळल्यावर गारगोटी पिवळी पडते. म्हणून जितके दिवस ॲसिडमध्ये, तितकेच दिवस रोज बदललेल्या पाण्यात. दगडावर कॅल्साइट किंवा झिओलाइटचा अंश असेल तर हा उपाय बाद. लोहखनिजावरही बाद, तिथे गंज हाच तुमचा नमुना आहे. आपल्याकडच्या गोएथाइट या लोहखनिजावर मोरपिसासारखे रंग चमकतात ते अतिशय पातळ थराचे असतात. ॲसिडमध्ये घातला की तासाभरात उतरतात.

प्रश्न (सांगे) : वडील खाणीवर कामाला होते. त्यांनी आणलेले बारा-पंधरा जड दगड घरात आहेत: काही काळे, काही लाल, काही पट्ट्यापट्ट्यांचे. लोखंड कुठलं आणि मँगनीज कुठलं, घरी ओळखता येईल?

उत्तर : नव्वद टक्के येईल, आणि तेही रंगावर न जाता. तुमचा भाग दोन्हीचा आहे. लोहखनिजाचा पट्टा डिचोली-सत्तरीपासून खाली सांग्यापर्यंत येतो, मँगनीज मुख्यतः सांगे-केप्याकडे, रिवणच्या बाजूला.

आधी कस लावा. सोनार कसोटीवर सोनं ओढतो तसंच, फक्त दगड पांढरा आणि खरखरीत हवा. टाइलची मागची बाजू चालते, पण मागून पांढरी असलेलीच; लाल मातीच्या टाइलवर हेमॅटाइट या लोहखनिजाचा कस दिसणारच नाही. टाइल नसेल तर फुटलेल्या पोर्सेलिन फ्यूजची मोडलेली कड घ्या. खनिज धुऊन, कोरडं करून, ताज्या कडेनं एक इंच रेघ ओढा. विटकरी लाल आली तर हेमॅटाइट, बाहेरून तो कितीही काळा-चंदेरी असो. पिवळट तपकिरी म्हणजे गोएथाइट, ज्याच्या मातकट रूपाला लिमोनाइट म्हणतात. काळी आली तर मॅग्नेटाइट (तेही लोहखनिजच) किंवा मँगनीज. त्या दोघांचा निवाडा चुंबकाकडे: दोऱ्याला टांगलेलं साधं चुंबक झटकन ओढलं गेलं तर मॅग्नेटाइट, ढिम्म राहिलं तर मँगनीज. बोटं काजळीसारखी काळी होत असतील तर तो बहुधा पायरोल्यूसाइट. काळा, गुळगुळीत, द्राक्षांच्या घडासारखा आणि बोटाला न लागणारा असेल तर सिलोमेलेनच्या जातीतला. आठ बाजूंचा मॅग्नेटाइटचा आकार आणि कस मात्र लाल, असा एखादा निघाला तर जपून ठेवा: तो मार्टाइट, म्हणजे आकार न सोडता हेमॅटाइट झालेला मॅग्नेटाइट.

मग वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. दगड कोरडा तोलून घ्या. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-काठाला टेकणार नाही असा लोंबकळत धरा. येणारा आकडा म्हणजे दगडानं सारलेलं पाणी. समजा कोरडं वजन २१० ग्रॅम आणि आकडा ४१, तर २१० भागिले ४१ म्हणजे ५.१. शुद्ध हेमॅटाइट ५.३ च्या जवळ, मॅग्नेटाइट ५.२, गोएथाइट ३.३ ते ४.३, गारगोटी २.६५. कस लाल पण उत्तर साडेतीन आलं तर आत गारगोटी मिसळली आहे. पट्ट्यापट्ट्यांचे दगड तेच, लोह आणि गारगोटीचे एकाआड एक थर. सच्छिद्र दगडाला, विशेषतः चिऱ्याला, ही रीत लावू नका. तो पाणी पितो आणि आकडा डोळ्यांसमोर बदलत राहतो.

मँगनीजचे तुकडे कोरडे घासू नका. ती धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मज्जासंस्थेला अपाय करते. पाण्याखाली ब्रश करा आणि हात धुऊन जेवायला बसा.

प्रश्न (म्हापसे) : किनाऱ्यावरच्या बाजारात घेतलेली ‘मॅग्नेटिक हेमॅटाइट’ची माळ खरी आहे का?

उत्तर : मणी एकमेकांना चिकटत असतील तर नाही. नैसर्गिक हेमॅटाइट चुंबकाला जेमतेम दाद देतो. ते मणी बेरियम किंवा स्ट्राँशियम फेराइटचे, कारखान्यात भाजून चुंबकित केलेले. वाईट वस्तू नाही, नाव चुकीचं.

प्रश्न (फोंडा) : विहीर खणताना मातकट पांढऱ्या दगडात नेच्याच्या पानाचं जीवाश्म मिळालं. छायाचित्र सोबत आहे.

उत्तर : ते पान नाही. मँगनीज आणि लोहाचं पाणी भेगेतून झिरपताना अशी नक्षी उमटवतं. तिला डेंड्राइट म्हणतात. भिंगातून बघा: पानाला मधली शीर असते, उपशिरा ठरावीक अंतरावर निघतात, देठ असतो. इथे फांद्या वाटेल तशा फुटल्या आहेत, त्याही भेगेच्या काठापासून आत. दगड जिथे उकलला त्या दोन्ही तोंडांवर एकच नक्षी आरशासारखी असेल. नमुना म्हणून उत्तम आहे. धुऊ नका, नक्षी वरवर बसलेली असते.

प्रश्न (वाळपई) : आमच्या बाजूच्या डोंगरात दगड गोळा करायला परवानगी लागते का?

उत्तर : डोंगर कुणाचा त्यावर आहे. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतिगाव, बोंडला या अभयारण्यांतून खडाही उचलायचा नाही. इतर वनजमिनीतही तेच, कारण १९२७च्या भारतीय वन कायद्यात जंगलातला खडक आणि खनिज ‘वनोपज’ धरलं आहे. लाकडाची मोळी आणि दगडाची पिशवी कायद्याला सारखीच. खाणपट्ट्यांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं, म्हणजे त्या जागा मोकळ्या झाल्या असं नव्हे. शिवाय बंद खाणीतल्या पाण्याची खोली वरून कळत नाही आणि खनिज डंपच्या उतारावरची माती पावसात पायाखालून सरकते. तिथे जाऊ नका.

राहतं ते खाजगी: घराचा पाया, विहीर, चालू चिरेखाण. मालकाची परवानगी घ्या, शक्य तर दोन ओळींच्या कागदावर. आणि फक्त सुटा पडलेला दगड उचला. उसगाळीमळला कुशावतीच्या काठच्या जांभ्यावर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत. नदीकाठचा सपाट कातळ दिसला की हातोडा पिशवीतच राहू द्या.

प्रश्न (वास्को) : पाच कॅरेटचा सुटा पिवळा पुष्कराज घेतला. तो ‘सुनेला’, म्हणजे पिवळी गारगोटी तर नाही ना, कसं ओळखावं?

उत्तर : ओरखडा काढून बघू नका, खरा असला तरी धारा उडतात. सांग्याच्या उत्तरातली पाण्याची रीत वापरा, पण ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या सोनारी काट्यावर. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. काटा ०.२५ च्या आसपास दाखवेल तर घनता ४, म्हणजे नीलमच्या वर्गातला खडा, पुष्कराज; ०.३८ दाखवेल तर २.६५, म्हणजे सुनेला. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो, म्हणून आधी साबणाच्या पाण्यात बुचकळून घ्या. कारखान्यात वाढवलेल्या पिवळ्या खड्याची घनता तंतोतंत तीच असते, त्यामुळे ४ आल्यावरही नैसर्गिक की कृत्रिम हे प्रयोगशाळेकडूनच घ्यावं लागेल. सुनेला निघाला तर तो बहुधा भाजलेला जांभळा ॲमेथिस्ट असणार, बाजारातला बराचसा तसाच असतो.

प्रश्न (केपे) : आजोबांच्या संग्रहातल्या पोर्तुगीज काळच्या चिठ्ठ्या जीर्ण झाल्यात. नव्या लिहून जुन्या टाकून द्याव्यात का?

उत्तर : जुनी चिठ्ठी टाकली तर अर्धा नमुना टाकला. ती आम्लविरहित कागदाच्या किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात, नमुन्यासोबतच ठेवा. लॅमिनेट करू नका. नव्या चिठ्ठीवर गावाचं नाव आजच्या रूपात आणि जुन्या स्पेलिंगप्रमाणे जसं होतं तसं, दोन्ही लिहा. तालुका तपासा: आज धारबांदोड्यात येणारी बरीच गावं जुन्या चिठ्ठीवर सांग्यात असतील. ‘गोवा’ एवढंच लिहिलेलं असेल तर अंदाजानं गाव भरू नका, रिकामं सोडा.

चिठ्ठ्या हलतात, म्हणून दगडालाही क्रमांक द्या. न दिसणाऱ्या बाजूला मोहरीएवढा पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा ठिपका, वाळल्यावर त्यावर बारीक टोकाच्या काळ्या शाईच्या पेननं आकडा. तोच आकडा वहीत, आणि त्यापुढे कुठून, कधी, कुणाकडून. बॉलपेन नको. आपल्या हवेत दहा-बारा पावसाळ्यांत ते पसरून जांभळा डाग तेवढा उरतो.